दोघांचं बटन

सोल्डरिंगचा वास आला की मला साकोलीच्या घरातली ती दुपार आठवते. बसस्टँडमागचं व्हिडिओ गेमचं दुकान बंद पडलं, तेव्हा तिथलं लाकडी मशीन मी घरी आणलं होतं. लहानपणी दादा आणि मी त्याच्यावरच खेळायचो. दादा वारला, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. उधईने खाल्लेली फळी मी बदलली, जड पिक्चर ट्यूब काढून पातळ स्क्रीन बसवला. ओळखीच्या टीव्ही मेकॅनिकने शेवटची तार जोडली आणि म्हणाला, "चालवून पाहा, काका." सवयीने माझं बोट एकट्याच्या ऐवजी दोघांच्या बटनावर पडलं. स्क्रीनवरच्या गल्लीत दोन पहिलवान उतरले. माझा लढू लागला. दादाचा नुसताच उभा राहून गल्लीतल्या गुंडांचा मार खाऊ लागला. मी पुन्हा पुन्हा त्याच्या आड येत होतो. मेकॅनिक हसला, "त्याले कायले वाचवून राहिले? मरू द्या ना! तो उभा हाये तवरी गेम समोर सरकत नाही." डाव्या हातात माझी दांडी होतीच. उजव्या हातात दादाची दांडी धरली आणि दोघांनाही चालवू लागलो. मग मारायची बटनं दाबायला हातच उरला नाही. आजही तसाच खेळतो. ती पहिली गल्ली आम्ही अजून ओलांडलेली नाही.