भित्रा आणि भ्याड

माझी मावशी एकतीस वर्षं एका शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासायची. तिथे तिला सगळे वेलांटीबाई म्हणत, कारण ऱ्हस्वाची दीर्घ झालेली वेलांटी तिला घासातल्या खड्यासारखी लागायची. मी लहानपणी तिला पाठवलेलं पत्र तिने लाल शाईने दुरुस्त करून परत धाडलं होतं, वर 'छान लिहिलंस' असा शेरा मारून.

कचेरी म्हणजे तीन खोल्या. पहिलीत संपादक, निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे सर म्हणत. दुसरीत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना सहसंपादक आणि मावशी. तिसरीत संगणकावर पानं लावणारा एक माणूस, इतका घाबरट की दार आपटलं तरी खुर्चीतून उठून उभा राहायचा. त्याला ससोबा म्हणत. सहसंपादक त्याच्या अगदी उलट. आवाज खणखणीत, आणि 'मी कुणाच्या बापाला भीत नाही' हे दिवसातून एकदा तरी ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

इंग्रजी-मराठी कोशाचं काम डी अक्षरापर्यंत आलं. 'डास्टर्डली' या शब्दापुढे सहसंपादकांनी अर्थ लिहिला होता: भित्रा, घाबरट. मावशीने समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि दुपारी सरांसमोर विषय निघाला.

"बाई, या शब्दाच्या पोटात भित्रेपणाच आहे," सहसंपादक म्हणाले.

"आहे, पण तेवढाच नाही. वापर बघा ना. पाठीमागून वार केला, झोपलेल्यांच्या घराला आग लावली, अशा ठिकाणी हा शब्द येतो. आपला ससोबा भित्रा आहे. त्याला लावाल का हा शब्द?"

"मग क्रूर लिहा. विषय संपवा."

"क्रूर माणूस समोर उभा राहूनही मारतो. हा समोर येतच नाही. आपल्या केसालाही धक्का लागणार नाही याची आधी खात्री करतो आणि मग दुसऱ्याचं वाटोळं करतो. मराठीत त्याला शब्द आहे, भ्याड. आपण भ्याड हल्ला म्हणतो. भित्रा हल्ला कुणी म्हणतं का?"

सर मनापासून हसले. "बाईंचं बरोबर आहे. हा शब्द पुन्हा नीट लिहून काढू."

सहसंपादकांनी कागद ओढून घेतला. तो खणात कोंबून त्यांनी खण आपटून बंद केला.

त्यानंतर महिन्याभरात विचित्र प्रकार सुरू झाला. मावशीने सही करून छपाईला दिलेली पानं छापून आली की त्यांत चुका निघायच्या. आधी एक, मग चार, मग एकाच फर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांत, अकरा. 'विधान'चं 'विधन' झालेलं, आणि एका ठिकाणी तर अर्थच उलटा. अख्खे फर्मे रद्दीत गेले. सहसंपादक हळहळून म्हणत, "बाईंचं वय झालं हो. डोळे दाखवून घ्या म्हणावं."

मावशीने खरंच डोळे दाखवले. डोळ्यांत काही दोष नव्हता. तरी तिचा स्वतःवरचा भरवसा उडाला. एकेक पान ती चार चारदा वाचू लागली, औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही बोट ठेवून वाचायची. एकदा जेवता जेवता रडली. काका, म्हणजे तिचे यजमान, शिंपीकाम करत. ते म्हणाले, "माझं माप चुकलं असं कुणी म्हटलं, तर मी आधी वही काढून बघतो. तू बघितलंस का?"

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या मुद्रितांचं कपाट उघडलं. तिच्या सहीचे सगळे गठ्ठे जागच्या जागी होते. नव्हते फक्त चुका निघालेल्या पानांचे.

सोमवारच्या बैठकीत सर अवघडून म्हणाले, "बाई, शेवटचं वाचन काही दिवस दुसऱ्या कुणाकडे देऊ या का?"

"द्या. पण एक सांगा सर. मी चुकले असेन तर माझ्या सहीची मुद्रितं हा माझ्याविरुद्धचा पुरावा. नेमकी तीच कपाटात नाहीत. मीच लपवली असती तर हे बोलले असते का? आणि माझ्याविरुद्धचा पुरावा दुसरं कुणी कशाला लपवेल?"

तेवढ्यात दाराशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ससोबा उभा होता.

"बाईंनी पास केल्यावर मला चिठ्ठ्या यायच्या," तो म्हणाला. "सरांनी सांगितलेत म्हणून बदल कर, असं लिहिलेलं असायचं. मी करायचो. नंतर शंका आली, पण विचारायची हिंमत झाली नाही. चिठ्ठ्या मात्र ठेवल्यात."

त्याने खिशातून सात चिठ्ठ्या काढल्या. घाईत त्या खाली पडल्या. गुडघ्यांवर बसून त्याने त्या वेचल्या आणि सरांपुढे ठेवल्या.

"हा खोटं बोलतोय," सहसंपादक ओरडले. "काढून टाका याला."

"काढा," ससोबा म्हणाला. "पण आधी अक्षर बघा."

सरांनी अक्षर बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. मग सहसंपादकांकडे न पाहता म्हणाले, "तुमचं सामान आवरा."

ते आपला खण रिकामा करत असताना मावशी समोरच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "माझ्याशी भांडायचं होतं तर रोज समोरच होतात की. टेबल तीन फुटांचं आहे."

त्यांनी रिकामा खण आत सरकवला आणि मान खाली घालून बाहेर पडले.

तो शब्द शेवटी मावशीनेच लिहिला. भ्याड, नीच, स्वतः सुरक्षित राहून केलेल्या दुष्ट कृत्याविषयी. खाली टीप: केवळ भित्र्या माणसास हा शब्द लावू नये. ती टीप छापील पानावर पाहून ससोबाने मुद्दाम तिच्या टेबलाशी येऊन ती मोठ्याने वाचून दाखवली.

कोश दोन वर्षांनी पूर्ण झाला. प्रकाशनाच्या दिवशी सहसंपादक म्हणून मावशीचं नाव पुकारलं गेलं आणि ती व्यासपीठाकडे निघाली. पहिल्या रांगेत काका होते, स्वतः शिवलेल्या कोटात. ती पायरी चढायच्या आतच त्यांनी टाळ्या सुरू केल्या, आणि मग सगळं सभागृह त्यांच्या मागून वाजवू लागलं. घरी येताना तो जाडजूड ग्रंथ मावशीने छातीशी धरून आणला. काका तीनदा म्हणाले, दे मी घेतो. तिने दिला नाही.