रुचाचा गुडघा आणि देवरावजींचे कान

सुधाकर, घोटा कसा आहे? जिना उतरताना अजून कठडा धरतोस का?

मीराबाई, खांदा? वेणी स्वतःची स्वतः घालता ना आता?

गेंदलालजी, कंबर काय म्हणते?

आणि रुचा बेटा, तुझा उजवा गुडघा कसा आहे?

हे सगळं विचारणारा माणूस आज सकाळी गेला. म्हणून त्याच्या वतीने आपल्या ग्रुपवर मी विचारतो आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवरावजी म्हणजे आपले फिजिओथेरपिस्ट. आयुष्यभर भरवेलीच्या खाणकामगारांचे गुडघे-घोटे सांभाळले, रिटायर झाल्यावर बालाघाटात घराच्या ओसरीतच खाट आणि वाळूच्या पिशव्या मांडून बसले.

मी सायकल मिस्त्री, सातवी पास. त्यांना लागणारी डुगडुगती फळी, पुली, सगळं मीच जोडून द्यायचो. गुडघ्याच्या आत दोरीसारखा एक बंध असतो, हे मला त्यांनीच शिकवलं.

तोच बंध माझ्या नातीचा तुटला.

रुचा आधी इथे बास्केटबॉलच्या कोर्टवर चाकांचे स्केट्स घालून पळायची. पुढे शिकायला डेहराडूनला गेली आणि बर्फावर पोचली. मग तिला भलताच खेळ सापडला. उतारावर बर्फाचा रस्ता करतात, त्यात वळणं आणि खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या. चार जण एकदम सुटतात. पायात पात्यांचे स्केट्स, अंगावर चिलखत, डोक्याला हेल्मेट.

सरावात एका पायरीवरून ती वाकडी उतरली.

नागपूरला ऑपरेशन झालं आणि रुचा माझ्या घरी आली.

देवरावजींनी तिचे व्हिडिओ पाहिले. मग मला म्हणाले, "मिस्त्री, आपण पाय घसरू नये म्हणून जन्मभर शिकवलं. ही तर घसरायलेच जाते. हिचा पाय थांबते कसा?"

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर बर्फाची लादी आली. सत्तरीचा माणूस माझा खांदा धरून त्या लादीवर उभा राहिला.

"अबे, इथं धरायले काहीच नाही. सगळं गुडघ्यालेच करा लागते."

मग आम्ही जुन्या टेबलाचा सनमायका काढला, दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या ठोकल्या. रुचा लोकरीचे मोजे घालून त्यावर या टोकाहून त्या टोकाला घसरायची. देवरावजी समोर स्टूल टाकून बसायचे. एक प्रश्न संपला की दुसरा तयार. वळताना वजन कुठं राह्यते? बूट घोटा धरते का? भीती पोटात येते का पायात?

रुचा हसायची. "डॉक्टर दादाजी, आप भी चलो एक बार."

"हौ. तू पहिले नीट हो."

शेवटी उडीची परीक्षा. स्टुलावरून खाली फळीवर उडी मारायची. देवरावजी पाठ करून उभे राहायचे, डोळे मिटून. ते पाय बघत नसत, ऐकत.

"आवाज एक आला पाहिजे. दोन आले म्हणजे दुखरा पाय मागं राहून राह्यला. त्याचा अजून भरवसा नाही."

महिनाभर दोनच आवाज. धप-धप.

तिची सिलेक्शन ट्रायल जवळ आली. पोरगी जेवेना. मला ते पाहवेना.

आता जे लिहितो आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही.

परीक्षेच्या सकाळी मी फळीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे सरकवले. आवाज दबावा म्हणून.

रुचाने उडी मारली. ढप.

"एक," देवरावजी म्हणाले. रुचाने मला मिठी मारली.

त्यांनी वळून फळीवर टाच आपटली. मग माझ्याकडे पाहिलं. मी सनमायक्याकडे पाहिलं.

"बेटा, एक डाव अंगणातल्या फरशीवर मार."

धप-धप.

"यंदा नाही जमत."

"दादाजी, अभी तो आपने पास किया था. जगह बदलके फेल कर दिया?"

मी तोंड उघडणार होतो. त्याआधीच ते बोलले.

"हौ बेटा. माझंच चुकलं."

ती निघून गेली. नंतर त्यांच्या ओसरीवर तिने पाऊल ठेवलं नाही.

मी विचारलं, "काहून नाही सांगितलं तिले?"

"तिले व्यायाम तुह्या घरी करा लागते. राग तुह्यावर आला तर ती राह्यन कुठं? माझ्यावर राहू दे." मग म्हणाले, "रबर मात्र काढून टाक. मीराबाई पडन."

रुचा, त्यानंतर तुझ्या खोलीत रोजच्या व्यायामाच्या चिठ्ठ्या लागायच्या. नागपूरच्या सर्जनने पाठवल्या असं मी म्हणायचो.

त्या देवरावजींच्या होत्या. रात्री तू काय केलंस ते मी सांगायचो, सकाळी ते लिहायचे.

पुढच्या वर्षी तू पुन्हा बर्फावर उतरलीस. सरावाचा व्हिडिओ मला पाठवलास. मी तो घेऊन त्यांच्याकडे पळालो.

त्यांनी मोबाइल पालथा केला. कानाशी धरला. डोळे मिटले.

खट.

"पुन्हा लाव."

चार वेळा ऐकलं. मग मोबाइल मला परत दिला आणि गेंदलालजींची कंबर शेकायला गेले.

तरी भेटलो की पहिला प्रश्न तोच. "पोरीचा गुडघा कसा आहे? विचार ना तिले." आणि मी दरवेळी "बरा आहे" म्हणायचो, तुला न विचारताच. परवा दवाखान्यात त्यांच्या खाटेशीही तेच झालं.

दुपारी वैनगंगेवर त्यांना पोचवून आलो. तुला फोन करायला हात धजला नाही. लिहिताना निदान शब्द मध्येच तुटत नाहीत.

देवरावजी, तुमच्यावरचा राग आज मी माझ्याकडे घेतो आहे. फार उशीर केला. माझा नमस्कार घ्या.

रुचा, रबर मी ठेवलं होतं. रागावायचं तेवढं माझ्यावर रागाव, पण गुडघा कसा आहे ते लिही. या वेळी खरं उत्तर हवं आहे.

लवकर लिही बेटा.

— तुझा आबाजी