वाशीच्या माळावरचे सरळ चर

"मॅडम, चर बघा कसे एकदम सरळ! फोटो लई भारी येतील." जेसीबीवाला खूश होता. मी मात्र खालच्या रानाकडं बघितलं.

वाशी तालुक्यातला तो उताराचा माळ. पाणलोटाच्या प्रोजेक्टमध्ये त्याची जबाबदारी माझी. समतल चर म्हणजे उताराला आडवा खणलेला लांब खड्डा, सगळीकडं एकाच पातळीत. पाणी त्यात थांबतं, मुरतं. माळ वाकडा, म्हणून चरही वाकडा हवा. सरळ खणला की तो मध्येच कुठंतरी खोलगट जागेतून जातो. सगळं पाणी तिथं जमतं, चराकाठचा बांध फोडतं आणि खालच्या रानाची माती ओढ्यात नेतं.

खालचं रान चंद्रकला काकूंचं. माझ्या शब्दावर त्यांनी कालच सोयाबीन पेरलं होतं.

मी चुन्याच्या फक्कीनं वाकड्या रेघा मारून दिल्या होत्या. त्या गेल्या कुठं? मेंढरं राखणाऱ्या भिवातात्यांनीच सांगितलं, "पोरी, सकाळी कळप हितनंच गेला. खुरानं पुसलं आसंल. आमाला काय ठावं!"

मग जेसीबीवाल्यानं खुंटी ते खुंटी सरळ खणलं. खुंट्या फक्त दोन टोकांना ठोकल्या, ही चूक माझी.

प्रोजेक्टच्या साहेबांना फोन केला.

"राहू दे. आठवड्यात पाहणी आहे. पातळी कोण मोजतंय?"

"पाऊस मोजतो, सर. या, दाखवते."

ते आले. पारदर्शक नळीत पाणी भरलं. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं. खुंटीजवळ ते माझ्या गुडघ्याला होतं, चराच्या मध्यावर छातीला. म्हणजे मध्य तेवढा खाली.

"बुजवायला किती दिवस?"

"बुजवायचं नाही. चरातच थोड्या थोड्या अंतरावर मातीचे आडवे अडसर घालू. एका चराचे लहान हौद होतील."

भिवातात्या भावकी घेऊन आले. काकू घमेलं घेऊन. मला बघून हसल्या, "ग्रॅज्युएट बाई खोरं धरती व्हय?"

"बापानं आधी खोरंच शिकवलं, काकू. कॉलेज नंतर." आमच्या घरात कॉलेज बघणारी मीच पहिली.

चौथ्या दिवशी तासभर धो धो पाऊस कोसळला. मी गाडी काढून माळावर पोचले. एकूण एक हौद काठोकाठ. बांध शाबूत. काकू रानात उकिडव्या बसून माती चाचपत होत्या. "हाय तिथंच हाय गं समदं!"

पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "सरळ चरात हे अडसर कशाला?"

"नवी पद्धत," साहेब म्हणाले.

"नाही सर. आखणी चुकली होती, ती दुरुस्त केली," मी म्हणाले.

अहवालात तसंच लिहिलं गेलं. चूक माझ्या नावावर लागली, काकूंची माती रानात राहिली. हा सौदा मला कधीही चालेल.