खळ्यापर्यंतची वाट

आमच्या ह्यांना लकवा झाला आणि उजवा पाय गेला. सोलापूरच्या दवाखान्यात चालायला शिकवायचं एक यंत्र होतं, तिथं मी रोज त्यांच्यासंगं जायची. यंत्र म्हणजे काय, तर जमिनीलगत फिरता पट्टा. माणसानं पाय टाकला की पट्टा मागं सरकतो, म्हणजे चालून चालून जागेवरच! डोळ्यांना मोठा काळा चष्मा, त्यात रानातली वाट दिसायची. ते काय बघतात ते मला शेजारच्या टीव्हीवर दिसायचं. कमरेला मागून दोरी. वाटेत चढ आला की दोरी मागं खेचायची, उतार आला की सैल सोडायची. पायांत वायरीचे बूट.

व्यायाम घेणारी पोरगी गोड होती. म्हणायची, "आजोबा, आज ढेकळातनं जायचंय, जोर लावा."

"ढेकळं मला शिकवतीस व्हय गं? जन्म गेला त्यातच."

"मग दाखवा की चालून!"

आणि खरंच चालायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पाय आत्ता उठला तर उठला, नंतर अवघड आहे. म्हणून माझी नजर सारखी त्या पायावरच.

एक दिवस चढ संपला, तर वाटेच्या शेवटाला लिंबाखाली सारवलेलं गोल खळं. मधोमध बैल बांधून फिरवायची मेढ रोवलेली. मला भडभडूनच आलं. मळणीयंत्र आल्यापासनं आमच्या रानात खळं कुणी केलंच न्हाय. हे थांबले, वाकले आणि बूट काढायला लागले.

"आजोबा, बूट नका काढू! बुटातच सगळं आहे!"

"खळ्यात पायताण घालून जातंय का कुणी? धान्य पडतंय तिथं."

बूट निघाला तसं यंत्र बंद. चष्म्यात अंधार. तोल गेला, दोरीनं धरलं म्हणून पडले न्हाईत, लोंबकळत राहिले.

दुसऱ्या दिवशी पोरीनं चांगल्या मनानं खळं काढून तिथं फुलांची बाग लावली. हे जरासे चालले आणि उभेच.

"खळं कुठं गेलं?"

"काढलं आजोबा, तुम्हाला अडचण नको म्हणून."

"मग जायचं कुठं?"

तिनं खळं परत आणलं. बूट राहू द्या म्हणून मी ह्यांच्या हातापाया पडले. पण बुटाशिवाय यंत्र चालत न्हाय, आणि बूट घालून हे खळ्यात जात न्हाईत. पाय उचललाच न्हाय.

घरी आणलं. म्हणलं, आपणच करू की खळं. दारासमोरची जागा धुमसानं बडवली, पाणी मारलं, शेणानं सारवली, मधी मेढ रोवली.

शेजारीण हसली, "काकू, ज्वारी कुठं हाय?"

"येतीय की चालत," मी म्हणलं.

ह्यांची बाज दारात आणली. लई वेळ बघत राहिले. "कडा अजून जरा बडवायला पायजे," म्हणले. मी त्यांचे मोजे काढले, पाय खाली सोडले, काखेत हात घातला. "उठा." उजवा पाय हलला न्हाय. माझ्याकडं वळून म्हणले, "दोरी कुठाय गं?"

पावसाळ्याच्या आधीच गेले. माणसं भेटायला आली. कुणाला काही सांगितलं न्हवतं, तरी एकेकानं त्या गोलाच्या कडेलाच चपला काढल्या आणि अनवाणी खळ्यातनं आत आले. म्हातारी, तरणी, सगळी. मी उंबऱ्यात बसून त्यांचे पाय बघत होते. सगळ्यांचे पाय चालत होते.