मोहनरावांचं विमानाचं मैदान

उमापूरच्या शिवाराला लागून आमचं गाव. गावात मोहनरावांची जमीन सगळ्यांत जास्त, पण पाटीलकी चुलतभाऊ भगवानरावांच्या घरात. हे दुखणं मोहनरावांनी जन्मभर कुरवाळलं. चावडीत आपली बसायची जागा भगवानरावांच्या खाली पडते म्हणून ते चावडीत उभेच राहत.

निजामाचं राज्य होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या चार-पाच वर्षं आधी सरकारने आमच्या गायरानावर विमानासाठी मैदान आखलं. हैदराबादहून औरंगाबादकडे जाणाऱ्या विमानाला वाटेत अडचण आली तर टेकायला जागा असावी, हेतू एवढाच. दगड वेचले, मधोमध चुन्याचं मोठं वर्तुळ काढलं, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून खांबाला एक लांब कापडी पिशवी टांगली. राखणीला मोहनरावांना नेमलं, कारण त्यांचा मळा मैदानाला लागून होता. दुसरं काही कारण नव्हतं. पण मोहनरावांनी त्याच दिवशी नवा फेटा काढला आणि गावात जणू कलेक्टर अवतरला.

पहिलं विमान उतरलं तेव्हा त्यातल्या गोऱ्या साहेबाने पाणी मागितलं. मोहनरावांनी दूध पुढे केलं. साहेबाने ते न पिताच परत केलं आणि तो उडून गेला. होळीपर्यंत मोहनरावांच्या तोंडी साहेब ते दूध प्यायला होता. नागपंचमीपर्यंत त्याने दुसरा पेला मागितला होता. दसऱ्याला तर त्याने मोहनरावांच्या खांद्यावर हात ठेवून, हे मैदान तुमच्यामुळेच आहे, असं म्हटलं होतं. साहेबाला मराठी कुठून आली, हे विचारायची सोय नव्हती.

मग हैदराबादची शिकाऊ पोरं विमानं घेऊन येऊ लागली. उतरायची, जरा धावायची, पुन्हा उठायची, दुपारभर गावाच्या डोक्यावर घिरट्या घालायची. छपरावरचं गवत उडायचं. पाळण्यातली लेकरं दचकून निळी पडायची. एकदा शहादेव मैदानाजवळच्या आपल्या शेतात मोट हाकत होता, तेव्हा विमान अगदी खालून गेलं. बैल उधळले, नाडा तुटला आणि शहादेवचा हात कोपरातून मोडला. तो पुढे कधी सरळ झाला नाही. मैदानाच्या कडेला सारजाबाई राहायची. नवरा गेलेला, दोन म्हशींच्या दुधावर घर चालायचं. म्हशी पान्हा चोरायला लागल्या.

सारजाबाई मोहनरावांच्या ओसरीवर गेली.

"दादा, कावून आणता ही बला आमच्या डोक्यावर? म्हशी धार देईनात. साहेबाला सांगा, जरा लांबून फिरवा म्हणावं."

मोहनराव हसले. "सारजाबाई, हा आवाज न्हाई, बरकत हाय. तुमच्या म्हशींना ते कळंना, त्याला मी काय करू?"

ती उठून गेली. ओसरीवरचे दोघे-तिघे मोहनरावांबरोबर हसले, कारण ते त्यांच्याच शेतात कामाला होते.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण मोहनरावांना आता मैदान अपुरं वाटायला लागलं. ते गेवराईला तहसीलदारांकडे गेले आणि सांगितलं, की आज आठवड्याला एक विमान येतं, उद्या रोज दहा येतील, मग ती उभी कुठे करायची? बघायला लोक येतील, त्यांच्या गाड्या कुठे सोडायच्या? मैदान दक्षिणेला तिप्पट वाढवावं. दक्षिणेला सारजाबाईचं घर होतं, शहादेवचं शेत होतं आणि गावाची खळी होती. दहा विमानं कुठून येणार, हे तहसीलदारांनी विचारलं नाही. हैदराबादेत आपलंही नाव व्हावं, असं त्यांनाही वाटत होतं. अर्ज वर जाता जाता दहाची पंधरा झाली, आणि मंजुरी आली.

हैदराबादहून इंजिनियर आला. त्याने दिवसभर खांबावरची पिशवी पाहिली आणि चावडीत सगळ्यांसमोर सांगितलं, की वारा पश्चिमेचा आहे आणि विमान वाऱ्याला तोंड करूनच उतरतं. मैदान दक्षिणेला वाढवून उपयोग नाही, पूर्व-पश्चिम वाढवावं लागेल.

पश्चिमेला मोहनरावांचा मळा होता, त्यांची आमराई होती आणि त्यामागे माडीचं घर.

मोहनरावांनी विचारलं, एखादं झाड पाडावं लागेल का. इंजिनियर म्हणाला, सगळी, आणि माडीही उतरवावी लागेल, कारण उतरणाऱ्या विमानासमोर उंच काही चालत नाही.

भगवानराव हळू आवाजात म्हणाले, "मोहन, अर्ज मागं घे. तहसीलदार साहेबांशी मी बोलतो."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर आमराई वाचली असती. मोहनरावांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी फेटा सावरला. "कावून मागं घेऊ? सरकारचं काम हाय. माझ्याकडून अडायचं न्हाई."

झाडं पाडायला लागले तेव्हा फांद्यांना कैऱ्या लगडलेल्या होत्या. मोहनराव कुऱ्हाडवाल्यांना हुकूम देत फिरत होते. त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईने, लग्न होऊन आल्यापासून त्या रोपांना हाताने पाणी घातलं होतं. ती दारात उभी होती. माडीची कौलं उतरवायला माणसं वर चढली, तेव्हा ती नवऱ्यासमोर आली.

"विमान तुमच्या डोस्क्यात उतरलंय," ती म्हणाली. "त्याला तेवढीच जागा पुरली असती."

ती धारूरला भावाकडे निघून गेली. मोहनरावांनी गावात सांगितलं, की बायकांना सरकारी कामातलं कळत नाही.

मैदान पावसाळ्याच्या तोंडावर तयार झालं. त्याच साली युद्ध पेटलं आणि शिकाऊ पोरांना दुसरीकडे नेलं. त्यानंतर वाटेत अडचणही कुणा विमानाला आली नाही. सारजाबाईच्या म्हशी पुन्हा धार द्यायला लागल्या. ती मोहनरावांचे आभार मानायला गेली नाही, आणि गेली असती तरी कशाचे मानणार होती?

वच्छलाबाई दोन पावसाळ्यांनी परत आली, पण नवऱ्याशी जेवणापुरतंच बोलायची. बिनमाडीचं ते घर उन्हाळ्यात भट्टीसारखं तापायचं. मोहनराव दुपारी दुसऱ्यांच्या ओट्यावर सावली शोधत बसायचे.

पुढे एकदाच एक विमान आलं. मोहनराव अनवाणी मैदानात धावले आणि दोन्ही हात हलवत राहिले. विमान खूप उंचावरून सरळ निघून गेलं. आवाजसुद्धा नीट आला नाही. परतल्यावर ते लोकांना सांगू लागले, की साहेब घाईत होता, नाहीतर उतरलाच असता. लोकांनी ऐकून घेतलं आणि आपापल्या कामाला गेले.