बोळात अडकलेली बिनक्लचची गाडी

जुन्या नाशकातला तो बोळ इतका अरुंद, की समोरून मांजर आलं तर दोघांपैकी एकानं माघार घ्यावी. त्यात मी माझी बिनक्लचची गाडी घातली. शेजारी सासूबाई, त्यांच्या पर्समध्ये मेव्हणीच्या साखरपुड्याची अंगठी, आणि मुहूर्त दुपारचा, सटाण्याला. बाकीचं वऱ्हाड पुढं गेलेलं.

समोर म्हैस आली. करकचून ब्रेक मारला, गिअर पी वर, म्हणजे पार्किंगवर, टाकला आणि तिची मनधरणी केली. म्हैस गेली. लिव्हर मात्र पी वरून हलेना.

दोन्ही अंगांना भिंती. दार उघडायची सोय नाही. कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोडणी थेट माझ्या नाकात. मागं रिक्षांची रांग, तिचं शेपूट पार गोदावरीत.

"जावईबापू, उतरून ढकला की."

"आई, उतरू कुठून? आणि पी वर चाकं बांधलेली असतात. हत्ती लावला तरी हलायची नाही."

"क्लचवाली घ्या म्हणत होते मी."

मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "खाली ऑइल गळतंय का बघा."

"बाबा रे, मी बरणीतल्या लोणच्यासारखा बसलोय!"

"मग गिअरबॉक्स गेला समजा. उतरवावा लागेल."

सासूबाईंनी देवीचा धावा सुरू केला. मला माझं उरलेलं आयुष्य दिसलं: हाच बोळ, त्याच खिडकीतून येणारं ताट, आणि मेव्हणीची नातवंडं मला बघायला सहलीनं आलेली.

"थांबा," मेकॅनिक म्हणाला, "ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का?"

मागच्या रिक्षावाल्याला ओरडून विचारलं.

"नाय लागत, शेठ! दाबताय का नुसता पाय ठेवलाय?"

"दाबतोय! दगड झालाय त्याचा!"

"मग गिअरबॉक्स ठणठणीत आहे," फोनमधून आवाज आला. "ब्रेक खाली गेल्याशिवाय लिव्हर सुटतच नाही. पेडलखाली काय अडकलंय?"

बघणार कसा? मध्ये माझं पोट. सासूबाई वाकल्या आणि किंचाळल्या, "अगं बाई! विहीणबाईंच्या ओटीचा नारळ!"

वणीच्या देवीहून मुद्दाम आणलेला. म्हशीपायी मारलेल्या ब्रेकनं मागच्या पिशवीतून सुटून माझ्या सीटखालून घरंगळला होता. हातानं निघेना. मी देवीची माफी मागितली आणि दोन्ही पायांनी सगळं वजन टाकलं. काडकन आवाज झाला! लिव्हर लोण्यातून सुरी जावी तसा सरकला.

वाटेत दुसरा नारळ घेतला, मुहूर्तही गाठला. मांडवात माझे मोजे पचपचत होते.

"हे काय?" विहीणबाईंनी विचारलं.

"जावयांनी येतानाच देवीला नारळ वाढवला," सासूबाई म्हणाल्या. कशानं, तेवढं त्यांनी सांगितलं नाही.