कूलर बंद ठेवून वाळवलेला पळस

नंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. त्यांची मुलगी प्राची एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली..." हृदयाचं दुखणं आठ महिन्यांचं होतं, म्हणजे धक्का बसायला नको होता. तरी बसला. आज सव्वा महिना झाला, पण हा लेख रडत लिहिला तर त्या मला रागावतील. शिवाय खरं सांगायचं तर त्यांची आठवण आली की माझे हात अजून शिवशिवतात.

प्रताप नगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. नंदाताईंनी आयुष्यभर लॅबमध्ये रक्त तपासलं आणि निवृत्त झाल्यावर मोबाइलवर बघून केकवरची साखरेची फुलं करायला शिकल्या. बारीक साखर आणि डिंकासारखी पावडर मळून केलेला तो गोळा, शुगर पेस्ट म्हणतात त्याला, इतका पातळ लाटायचा की आरपार दिसलं पाहिजे. नंदाताई तो प्लास्टिकवर लाटायच्या, खाली कॅलेंडरचं पान ठेवायच्या आणि मला विचारायच्या, "पौर्णिमा कधी आहे ते वाचता येते का सांग." वाचता आली की मग पाकळी कापायची, लॅबमधल्या जुन्या चिमट्यानं उचलायची. सगळ्यांना केकवर गुलाब हवे असायचे. पण यांच्या मनात पळस. "गुलाब तं सारेच करते वं. आपल्या कळमेश्वरच्या रस्त्याले जे फुलते ते करू." पोपटाच्या चोचीसारखी ती वाकडी पाकळी जमायला त्यांना पूर्ण हिवाळा लागला. जमली त्या दिवशी त्या चपला न घालता आमच्याकडे धावत आल्या होत्या, आणि मीही हातातलं पीठ तसंच ठेवून त्यांच्याबरोबर धावले!

माझा घोळ झाला तो दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात. केक दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि तीस फुलं अंड्यांच्या ट्रेमध्ये वाळत होती. मी गेले तर ताई खुर्चीत डोळा लागून बसलेल्या, घामानं पदर ओला, आणि कूलर बंद. मला कीव आली. मी टाकीत पाणी भरून कूलर लावला आणि घरी आले. तासाभरानं त्यांची हाक आली. ओल्या हवेनं तीसही फुलांनी माना टाकल्या होत्या.

"कूलर कोणं लावला?"

"मी लावला. तुम्ही घामानं निथळून राहिल्या होत्या."

"मले घाम आला तर पुसता येते वं. फुलाले आला तर ते मरते."

दुसऱ्या दिवशी त्या केकवर साधे गुलाब गेले. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत, पण तेव्हापासून माझ्याकडे रंग आणि देठाला कोको पावडर लावणं एवढंच काम राहिलं. पाकळीला हात लावायचा नाही. दोन वर्षं मी त्यांच्या बोटांकडे नुसती बघत बसले आणि मला ते फार लागलं होतं, आज कबूल करते.

प्राचीच्या लग्नाची तारीख आपण असो नसो हलवायची नाही, असं नंदाताईंनी बजावून ठेवलं होतं. लग्नाच्या आठ दिवस आधी प्राची मिहानमधलं ऑफिस सुटल्यावर थेट आली, हातात बुटांचा खोका. आत कापसावर सतरा पळस, बाजूला तो चिमटा. केकवर एकवीस लागणार होते.

"मावशी, चार कमी आहेत."

"मला नाही जमणार, बेटा. मला त्या हात लावू देत नव्हत्या."

"आई म्हणे, राहिले तर सुनीताले दे. पाहून पाहून तिले येऊन राहिलं, मले माहीत आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग कूलर बंद केला आणि बसले. किती तुटली विचारू नका, पण चार झाली. केकवर एकवीस पळस उभे राहिले तेव्हा मी मांडवात टाळ्या वाजवल्या, एकटीनंच. माझ्या चारांच्या कडा जरा जाड होत्या. नंदाताईंनी ते लगेच ओळखलं असतं... आणि ठेवलेही असते.

आता मला स्वतःची पहिली ऑर्डर आली आहे. परवा बाजारातून आले तर घर भट्टीसारखं तापलेलं, आणि माझे मिस्टर बनियनवर, पंख्याच्या गरम वाऱ्यात पेपर वाचत बसलेले.

"कूलर काहून बंद केला?" मी विचारलं.

"ट्रेमध्ये फूल दिसलं."

ते तडकलेलं, टाकून द्यायचं फूल होतं. मी त्यांना ते सांगितलं नाही. शेजारी बसून पदरानं घाम पुसत राहिले.